टाकाचे चित्र कसे पाहावे?

समोरच्या पानावर एक चित्र छापले आहे. भाविक वाचकांनी आधी ते निवांतपणे पाहावे आणि मग हा पाठ वाचावयास घ्यावा, अशी आमची विनंती आहे. चित्र साधे आहे. त्यात रंग नाही, वेलबुट्टीची चौकट नाही. पांढऱ्या कागदावर शिसपेन्सिलीने काढलेला चांदीचा एक टाक, एवढेच. टाक खंडेरायाचा. मूळ वस्तू जेमतेम चार बोटे उंच. चित्रात ती दुप्पट मोठी काढली आहे.

पहिल्या नजरेस पुष्कळांना वाटेल की, चित्रकाराने काम अर्धवट टाकले. घोड्याचे कान आहेत, लगाम आहे, तरवारीची मूठ आहे. खाली पडलेल्या दैत्याच्या मिशासुद्धा मोजून घ्याव्यात इतक्या स्पष्ट आहेत. आणि देवाच्या मुखाच्या जागी काय, तर कोरा कागद! "अहो महाराज, देवाला तोंडच नाही आणि असले चित्र तुम्ही छापायला दिलेत?" असे विचारणारे विचारतीलच. विचारावे. त्या एका प्रश्नाचे उत्तर म्हणजे आजचा पाठ.

टाक म्हणजे काय?

ज्यांच्या देवघरात टाक आहेत त्यांना हे सांगावयास नको. परंतु शहरात वाढलेली मुलेही आता हे मासिक वाचतात, म्हणून दोन शब्द लिहितो. टाक म्हणजे देवाची उठावाची लहान प्रतिमा. चांदीचा पातळ पत्रा ठशावर ठेवून ठोकला की देवाची आकृती पुढल्या बाजूने वर येते व मागून तेवढीच खोल दिसते. पुष्कळ टाकांना मागून तांब्याचा पत्रा असतो. आकार बहुधा खाली चौकोनी आणि वर कमानीसारखा किंवा निमुळता. कुणाकडे खंडोबा, कुणाकडे भवानी, कुणाकडे बहिरोबा वा जोगेश्वरी, आणि घराण्यात कोणी धारातीर्थी पडला असेल तर त्याच्या नावाचा वीर. असे सारे कुळाचे देव तामणात दाटीवाटीने बसलेले असतात. चंपाषष्ठीला तळी भरताना हेच टाक ताटात घेतात, भंडारा उधळतात आणि येळकोट करतात. लग्नात, जागरणात, घरभरणीत यांच्यावाचून पान हलत नाही.

आता कोणी माळकरी म्हणेल, "आम्ही पांडुरंगाचे. आम्हांस टाकाशी काय करायचे?" त्याने आषाढवारी आठवावी. ज्ञानोबारायांची पालखी सासवडहून निघाली की पुढचा मुक्काम जेजुरीला. तेथे माउलींच्या पालखीवर भंडारा उधळला जातो. वारकऱ्यांच्या पांढऱ्या टोप्या पिवळ्या होतात, आणि कोणाला त्याचे वावगे वाटत नाही. घरचा कुलाचार आणि पंढरीची वारी ही एकाच प्रपंचातली दोन कामे आहेत. असो.

चित्राची हकीकत

हे चित्र ज्या घरातल्या टाकाचे आहे ते एक शेतकरी कुटुंब. गावाचे व घराचे नाव त्यांच्या इच्छेवरून देत नाही. सप्ताहातील कीर्तनानिमित्त आमचा मुक्काम त्या घरी होता. दोघा भावांच्या वाटण्या चालल्या होत्या. जमीन वाटली, विहिरीच्या पाळ्या ठरल्या, भांडीकुंडी झाली. राहिले देव. थोरला म्हणे, देव थोरल्या घरी राहायचे ही रीत आहे. धाकटा म्हणे, "राहू द्या, पण आहे काय त्यात? तोंड राहिलं नाही, डोळे राहिले नाहीत. झिजलेला देव पुजून काय उपयोग? सोनाराला घालू मोडीत, वर थोडी चांदी टाकू आणि दोन नवेकोरे टाक करून घेऊ. एक तुला, एक मला." बोलणे अगदीच खोटे नव्हते. थोरल्यालाही ते पटू लागले होते. घरची म्हातारी मात्र कोपऱ्यात गप्प बसून होती.

त्या गावच्या शाळेतले ड्रॉइंग मास्तर कीर्तनाला येत. त्यांच्या कानी ही गोष्ट गेली. ते म्हणाले, "मोडीत घालायचा तर घाला, तुमचा देव आहे. पण त्याआधी एक सकाळ मला द्या." दुसऱ्या दिवशी ओसरीवर, पूर्वेचे ऊन येते तेथे, पांढऱ्या पंचावर टाक ठेवून मास्तर बसले. दोन तास मान वर केली नाही. धाकटा पाठीमागून पाहत होता. शेवटी त्याच्याने राहवेना. "गुरुजी, तोंड काढा की देवाचं! भिंतीवर कॅलेंडर आहे, त्यात बघून काढा." मास्तर म्हणाले, "कॅलेंडरातला देव मी केव्हाही काढीन. आज मला तुमच्या घरातला काढायचा आहे."

चित्र पुरे झाले आणि हातोहात फिरत म्हातारीकडे आले. त्या माउलीला आता नीटसे दिसत नाही. तिने कागद डोळ्यांशी नेला, मग मांडीवर ठेवला आणि देवाच्या मुखाच्या त्या कोऱ्या जागेवर उजव्या हाताचा अंगठा टेकवला. म्हणाली, "हितं माझा अंगठा जातो, बुवा. रोज देव घासताना हितंच जातो. माझ्या सासूचाबी हितंच जायचा."

ओसरीवर कोणी काही बोलले नाही.

चित्राची सहा अंगे

आमच्या लहानपणी पाठशाळेत काव्य, व्याकरण, न्याय यांच्या बरोबरीने चित्राची सहा अंगेही एकदा कानावरून गेली होती. यशोधराच्या जयमंगला टीकेत ती सांगितली आहेत : रूपभेद, प्रमाण, भाव, लावण्ययोजन, सादृश्य आणि वर्णिकाभंग. नावे जड वाटतात, पण काम सोपे आहे. ही सहा अंगे घेऊन समोरचे चित्र पाहू.

पहिले रूपभेद. म्हणजे हा कोण आणि तो कोण, हे ओळखणे. घोड्यावर बसलेला प्रत्येक देव खंडोबा नव्हे. वीराचा टाकही घोडेस्वाराचाच असतो. मुख झिजले की घोटाळा होतो, आणि घरोघर तो झालेला आम्ही पाहिला आहे. म्हणून खुणा पाहाव्यात. चित्रात घोड्यावर देवाच्या मागे दुसरी लहान आकृती आहे, ती म्हाळसा. देवाच्या एका हातात तरवार, दुसऱ्यात त्रिशूळ. डमरूची नुसती कड उरली आहे. घोड्याच्या पायांशी कुत्रा आहे. टापांखाली दैत्य आहे. एवढ्या खुणा एकत्र दिसल्या म्हणजे शंका उरत नाही. मुखावाचून देव ओळखता येतो, हा पहिला लाभ.

दुसरे प्रमाण. घोड्याचे पाय पाहा, आखूड आहेत. देव घोड्याच्या मानाने केवढा तरी मोठा. दैत्य तर वीतभर माणसाच्या पायाशी मुंगळा असावा तेवढा. शाळेतला मुलगा म्हणेल, प्रमाण चुकले. चुकलेले नाही. ठसा खोदणाऱ्याने अंगाचे माप घेतले नाही, थोरवीचे माप घेतले. जो मोठा त्याला जागा मोठी. मास्तरांची शहाणीव अशी की, त्यांनी ते 'सुधारले' नाही. घोडा होता तसा ठेंगणाच राहू दिला.

तिसरे भाव. मुख नसताना भाव कुठून यावा? येतो. उगारलेल्या हातात येतो, घोड्याच्या उचललेल्या पुढच्या पायात येतो, म्हाळसेच्या सावरून बसण्यात येतो. कीर्तनकाराला हे लगेच कळेल. मागे बसलेल्या श्रोत्याला आमचे तोंड दिसत नाही. त्याला उपरण्याचा झोक दिसतो, पावली दिसते, आणि तेवढ्यावर तो डोळे पुसतो. विष्णुधर्मोत्तराच्या तिसऱ्या खंडात मार्कंडेय ऋषी वज्र राजाला चित्रविद्या सांगतात. राजा ती शिकू म्हणतो तेव्हा ऋषी त्याला सांगतात की, नृत्य कळल्यावाचून चित्र कळावयाचे नाही, वाद्य कळल्यावाचून नृत्य नाही, आणि गीत कळल्यावाचून वाद्य नाही. टाळकऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. चित्र पाहण्याची निम्मी विद्या तुमच्या अंगात आधीच आहे.

चौथे लावण्ययोजन. चित्राला तेज आणणे. येथेच त्या कोऱ्या जागेचे रहस्य आहे, म्हणून सावकाश वाचावे. पेन्सिलीने काळे करता येते, पांढरे करता येत नाही. मग चांदीची चमक दाखवायची कशी? ज्या जागी चमक आहे तेथे पेन्सिल लावायचीच नाही. कागद तसाच सोडायचा. खाचेत अंधार असतो, तेथे रेघा दाट. उंचवट्यावर उजेड असतो, तेथे रेघा विरळ. आणि जी जागा हात फिरून फिरून आरशासारखी गुळगुळीत झाली, तेथे सारा उजेड एकवटतो. तेथे कागद कोरा. म्हणजे ज्या जागी आपण 'काही नाही' असे म्हणालो, ती या चित्रातली सर्वांत तेजस्वी जागा आहे! मास्तरांनी मुख गाळले नाही. मुखावर जे होते तेच त्यांनी काढले, आणि होते ते तेज.

पाचवे सादृश्य. वस्तू जशी आहे तशी दिसणे. उजवीकडचा खालचा कोपरा दुमडलेला दिसेल. म्हातारीने सांगितले, थोरला रांगत होता तेव्हा टाक त्याच्या हाती लागला आणि त्याने दाताखाली धरला. आज तो आजोबा आहे. वरच्या कमानीवर एक बारीक काळी रेघ दिसते. तेथे चांदी उडून खालचे तांबे उघडे पडले आहे. कॅलेंडर पाहून काढलेल्या चित्रात हे आले नसते. ते चित्र देखणे झाले असते, पण ते कोणाच्याही घरचे झाले असते. सादृश्याचा अर्थ सुंदर दिसणे असा नाही. ज्याची वस्तू त्याने पाहताच 'ही माझी' म्हणावे, हा त्याचा अर्थ.

सहावे वर्णिकाभंग. रंग भरण्याचे व कुंचला चालवण्याचे कौशल्य. येथे रंग नाही, पेन्सिल एकच. तरी तिच्या चार जाती करून मास्तरांनी काम भागवले आहे : टोकाची रेघ, आडवी रेघ, बोटाने पुसलेली सावली आणि कोरा कागद. जेथे पेन्सिलीची मात्रा चालेना तेथे समासात बारीक अक्षरांत लिहून ठेवले. 'येथे तांबे.' 'येथे भंडारा बसला आहे.' त्या लिहिण्याने चित्राला कमीपणा आलेला नाही. किती पिढ्यांची हळद त्या खाचेत आहे कोण जाणे!

दैत्याचे तोंड का राहिले?

आता आणखी एक गोष्ट पाहावी. देवाचे मुख गेले आणि दैत्याचे राहिले. त्याचे डोळे वटारलेले आहेत, मिशा पिळलेल्या आहेत, जसा घडवला तसा आहे. हे कसे?

कारण सरळ आहे. उठावात जो भाग सर्वांत उंच तो आधी झिजतो. देवाचे मुख, गुडघा, घोड्याची मान हे उंचवटे. घासणाऱ्याचा अंगठा तेथेच पडतो. दैत्य तळाला, खाचेत, टापांच्या आडोशाला. तेथे अंगठा पोहोचत नाही. ठशाच्या कारागिराने हे योजले नव्हते, आणि त्याच्या माथी आम्ही हा अर्थ मारीत नाही. परंतु घडलेल्या गोष्टीतून भाविकाने बोध घ्यावयास हरकत कसली? जो सेवा घेतो तो झिजतो. जो कोणाच्या हाती लागत नाही तो अभंग राहतो, पण त्याचे अभंगपण काय कामाचे? चंदनाचे खोड उगाळले तर झिजते. बाभळीचा ओंडका परसात वर्षानुवर्षे आहे तसा पडून असतो.

तरी त्या दैत्यावर फार रागावू नये. मल्हारीमाहात्म्यात मणी दैत्य अंतकाळी शरण येतो, आपला शुभ्र घोडा देवाला देतो आणि देवाजवळ जागा मागतो. देव ती देतो. म्हणून तर खंडेरायाच्या चरणांशी तो आजही आहे. देव ज्या घोड्यावर बसला तोही शत्रूने दिलेला! टाकाच्या चार बोटांत एवढी कथा मावते.

झिजलेली मूर्ती पुजावी की नाही?

धाकट्याचा प्रश्न टाळून चालणार नाही. मूर्ती फुटली, तिचा अवयव तुटला, ती जळाली, तर ती पूजेतून काढावी व विधिपूर्वक नवी करावी, असे धर्मशास्त्रात आहे. हे खरेच. पण तुटणे आणि झिजणे यांत भेद आहे. तुटणे हा अपघात. झिजणे ही सेवा. पायरीला पाय लागून खड्डा पडतो, त्या पायरीला आपण फुटकी म्हणत नाही. आमच्या अल्पमतीप्रमाणे जोवर देव ओळखू येतो, पत्रा फाटलेला नाही आणि घराची श्रद्धा जागी आहे, तोवर झिजलेला टाक पूजेस योग्य आहे.

याहून मोठा दाखला पंढरीत आहे. श्रीविठ्ठलाच्या चरणांवर लाखो भाविकांनी कपाळ टेकले. त्या स्पर्शाने पाषाणाचे चरणही झिजले. मूर्तीचे रक्षण व्हावे म्हणून २०२० साली श्रींच्या मूर्तीस वज्रलेप करण्यात आला. तो करावाच लागला, कारण मूर्ती पुढच्या पिढ्यांसही दिसली पाहिजे. परंतु चरण झिजले म्हणून पांडुरंग जुना झाला, नवा आणा, असे कोणा वारकऱ्याच्या मनातही आले नाही. मग घरच्या देवाला वेगळा न्याय का लावावा?

आम्ही त्या दोघां भावांना एवढेच सांगितले. निवाडा आमचा नव्हे, त्यांचाच झाला. जुना टाक थोरल्याकडे तसाच राहिला. धाकट्याने आपल्या घरासाठी नवा करून घेतला आणि जुन्या-नव्याची भेट घालून तो देवघरात बसवला. नव्याचे मुख ठसठशीत आहे. धाकट्याची सून तो रोज धुते. तिच्या अंगठ्याची खूण उमटायला अजून अवकाश आहे.

लेख्या प्रतिमा

आता शास्त्राचा एक मुद्दा, आणि तो या पाठाचे मर्म आहे. भागवताच्या एकादश स्कंधात, सत्ताविसाव्या अध्यायात, भगवंत उद्धवाला पूजाविधी सांगतात. तेथे प्रतिमेचे आठ प्रकार आहेत : पाषाणाची, लाकडाची, धातूची, मातीच्या वा लेपाच्या कामाची, रेखाटलेली, वाळूची, मनाने कल्पिलेली आणि रत्नाची. रेखाटलेल्या प्रतिमेला 'लेख्या' म्हटले आहे. याच स्कंधावर नाथमहाराजांनी टीका लिहून ती काशीत शके १४९५, म्हणजे इ. स. १५७३ मध्ये पुरी केली, हे सर्व वारकऱ्यांस माहीत आहेच. तेव्हा कागदावरचा देव म्हणजे खालच्या पायरीचा देव, असे कोणी समजू नये. आठांच्या पंगतीत त्याचे पान मांडलेले आहे.

त्याच ठिकाणी आणखी एक बारकावा आहे. सर्व प्रतिमांना स्नान घालावयाचे नाही. धातूच्या, पाषाणाच्या मूर्तीला स्नान. लेपाच्या व रेखाटलेल्या प्रतिमेचे नुसते परिमार्जन, म्हणजे हलके पुसणे. कारण उघड आहे, पाण्याने चित्र नाहीसे होईल. पण पाहा, यातून दोघांचे दोन धर्म कसे ठरले! धातूचा देव हाताळून घेतो, घासून घेतो आणि हळूहळू झिजून जातो. चित्रातला देव हात लावू देत नाही, म्हणून तो टिकतो. एकाजवळ सेवेचा धर्म, दुसऱ्याजवळ स्मरणाचा. टाकाने मुख दिले आणि चित्राने ते दिल्याची साक्ष ठेवली. त्या घरात आता दोन्ही आहेत : टाक तामणात, चित्र पोथीच्या बासनात.

दोन शंका

शंका पहिली : "हल्ली मोबाइलवर एका क्षणात फोटो निघतो. मग दोन तास पेन्सिल कशाला झिजवायची?" फोटो जरूर काढावा, चोरीच्या वेळी, वाटणीच्या वेळी तो उपयोगी पडेल. पण चांदीचा फोटो काढला की झळाळी मारते आणि बारीक खाचा हरवतात. दुसरे असे की, फोटो काढणारा वस्तूकडे क्षणभर पाहतो; चित्र काढणाऱ्याला दोन तास पाहावे लागते. त्या घरात टाक पिढ्यानुपिढ्या होता. रोज गंध लावणाऱ्या थोरल्याला देवामागे म्हाळसा बसली आहे हे चित्रात पाहून कळले. नित्याच्या वस्तूवरून आपली नजर घसरते. चित्र तिला थांबवते. ध्यान म्हणजे तरी दुसरे काय? कटीवरचे कर, विटेवरचे समचरण, मकरकुंडले असे एकेका अवयवावर मन थांबवीत नेणे, हेच संतांनी शिकवले.

शंका दुसरी : "चित्र इतके खरे आहे, तर त्याचीच पूजा का करू नये?" करता येईल, शास्त्राची आडकाठी नाही. पण मास्तरांनी ते पूजेसाठी काढले नाही, आणि म्हातारीनेही त्याला हळदकुंकू वाहिले नाही. तिने फक्त त्यावर आपला अंगठा ठेवून पाहिला. चित्राचे काम तेवढ्यात झाले.

घरी करावयाचा अभ्यास

पाठ वाचून पुस्तक मिटले तर तो निम्माच झाला. म्हणून ज्यांच्या देवघरात टाक आहेत त्यांनी पुढील गोष्टी कराव्यात.

एखाद्या रविवारी, पूजेनंतर, टाक पांढऱ्या कापडावर ठेवावा. सकाळचा उजेड एका अंगाने यावा. डोक्यावरचा दिवा नको, त्याने खाचा दिसत नाहीत. घरातल्या मुलाच्या हाती कागद-पेन्सिल द्यावी. त्याला दोनच नियम सांगावेत. दिसते ते काढ. दिसत नाही ते मनाने भरू नको. चित्र वाकडे आले तरी हसू नये.

चित्राच्या मागे चार गोष्टी लिहाव्यात : देव कोणता, कोणाच्या वेळेपासून घरात आहे, मूळ ठाणे कोणते आणि रोज कोणाच्या हातून धुतला जातो. शेवटची ओळ विसरू नये. घराण्याच्या वंशावळीत बायकांची नावे सहसा नसतात. पण टाकावरची झीज त्यांच्याच हातांची आहे. ते नाव तेथे तरी लिहिलेले असू द्या.

आणि टाक जपावा कसा, तेही सांगतो. हवेतील गंधकाच्या अंशाने चांदी काळवंडते, तो काही देवाचा कोप नव्हे. काळेपणा घालवण्यासाठी पुष्कळ घरी रांगोळीने टाक घासतात. रांगोळी ही दगडाची भुकटी. तिने काळेपणाबरोबर चांदीही जाते. त्याऐवजी रिठ्याच्या पाण्याने धुवावा आणि मऊ फडक्याने टिपून घ्यावा. खाचेतला भंडारा टोकरून काढू नये. झीज सेवेने व्हावी, आडदांडपणाने होऊ नये.

म्हातारी माणसे घरात आहेत तोवर हे करून घ्यावे. टाक पुढेही राहतील, पण कोणता अंगठा कुठे टेकत असे, हे सांगणारे राहणार नाहीत. येत्या चंपाषष्ठीला तळी भरण्यापूर्वी ज्या घरी असे एक तरी चित्र निघेल, त्या घरी हा पाठ पोहोचला असे आम्ही समजू.

राम कृष्ण हरि.